फायबरच्या होडीत फायबर किती आणि कुठल्या दिशेने?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. या सत्रात आम्हाला संमिश्र पदार्थ, म्हणजे ज्यांना सर्व जण कंपोझिट म्हणतात, हा विषय आहे. त्यातली सूत्रे मला येतात, उदाहरणेही सुटतात, परंतु आमच्या घरासमोर उभ्या असलेल्या वस्तूशी त्यांचा मेळ मला घालता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमच्याकडे वडिलांची बावीस फुटी फायबरची होडी आहे. तिच्या आधी आजोबांची सागवानी होडी होती. माझ्या शंका अशा आहेत.

काच ठिसूळ आहे हे सांगायला नको. होडीला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन नुसते गोठवून पाहिले, तर तेही हातोडीच्या एका घावात फुटते. दोन ठिसूळ पदार्थ एकत्र आल्यावर खडकावर आपटूनही न फुटणारी होडी कशी तयार होते?

दुसरी शंका आकड्यांची आहे. मिश्रणाच्या नियमाने (प्रत्येक घटकाचा गुणांक त्याच्या प्रमाणात घेऊन केलेली बेरीज) ६० टक्के काचतंतू धरले, तर स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाचे माप, सुमारे ४५ गिगापास्कल येतो. सागाचा रेषेच्या दिशेने साधारण १२ आहे. तरीही आजोबा ठामपणे सांगतात की जुनी होडी लाटेवर इतकी लचकत नव्हती. त्यांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे. मग सूत्र कुठे चुकते?

तिसरी गोष्ट काळजीची आहे. यंदा पावसाळ्यासाठी होडी वर ओढल्यावर पाण्याखालच्या भागावर चणाडाळीपासून रुपयाच्या नाण्याएवढे फोड दिसले. एक फोड सुईने फोडला, तेव्हा आतून आंबूस वासाचे, बोटांना चिकटणारे पाणी आले. होडी जिथे बांधली त्या कारखान्यात विचारल्यावर "वरून रंग मारा, काही होत नाही" एवढेच उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?

धागादोरा यांचा प्रतिसाद

आपले प्रश्न फार नेमके आहेत आणि तिन्ही एकाच मुळाशी जातात, म्हणून पहिल्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. मी निवृत्तीपर्यंत पदार्थ तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे.

काच मुळात दुबळी नसून तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म भेगा तिला दुबळी करतात. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारे एक मिलिमीटर जाडीची काचेची कांडी जवळपास १७० मेगापास्कल ताणाला तुटली, पण तीच काच ओढत ओढत साडेतीन मायक्रॉनच्या आतबाहेर आणली, तेव्हा तिने सुमारे ३,४०० मेगापास्कल ताण सोसला. पदार्थ तोच राहिला आणि ताकद वीस पटींनी वाढली, कारण इतक्या बारीक तंतूत मोठी भेग मावतच नाही. म्हणून काच वापरायची तर तंतू करूनच वापरायला हवी. मात्र एकटा तंतू दाबाखाली वाकतो, एकमेकांवर घासून ओरखडला की त्याची ताकद जाते, आणि त्याला होडीचा आकार देता येत नाही. ही उणीव रेझिन भरून काढते: ते तंतूंना जागेवर धरते, त्यांचे संरक्षण करते आणि एका तंतूवरचा भार दुसऱ्यावर पोहोचवते.

यातले तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि पुस्तकात ते एका समीकरणात उरकलेले असते. आपण कोकणातल्या आहात, तेव्हा सुंभ आठवून पाहा. काथ्याचा एक धागा जेमतेम वीतभर असतो, सुंभ मात्र पन्नास हात लांब वळता येतो आणि त्याने नांगर ओढता येतो. वीतभर धाग्याने पन्नास हातांवरचा भार कसा पोहोचवला? पीळ दिल्यामुळे धागे एकमेकांना घट्ट आवळतात आणि घर्षणाने एकाचा भार शेजाऱ्याकडे जातो. एखादा धागा मध्येच तुटला तरी तुटल्या जागेपासून थोड्या अंतरावर तो पुन्हा पूर्ण भार घेऊ लागतो. सुंभात जे काम घर्षण करते, ते कंपोझिटमध्ये तंतू आणि रेझिन यांच्या सीमेवरचा कर्तन ताण, म्हणजे दोघांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण, करतो. केली आणि टायसन यांनी १९६५ साली याचाच हिशेब मांडला. तंतूची ताकद गुणिले व्यास, भागिले सीमेवरच्या कर्तन ताकदीची दुप्पट, ही झाली क्रांतिक लांबी, म्हणजे पूर्ण भार घेण्यासाठी तंतूला लागणारी किमान लांबी. तंतूची ताकद २,००० मेगापास्कल, व्यास १३ मायक्रॉन आणि सीमेची ताकद २० मेगापास्कल धरली, तर ही लांबी ०.६५ मिलिमीटर भरते. होडीच्या मॅटमधले, म्हणजे चिरलेल्या तंतूंच्या चटईतले, तुकडे साधारण ५० मिलिमीटरचे असतात, म्हणजे लांबीची चिंता तेथे नाही. परंतु इंजेक्शन मोल्डिंगमध्ये स्क्रूखाली तंतूंचा चुरा होऊन ते या लांबीच्या खाली उतरतात आणि मग निव्वळ भरताड म्हणून उरतात.

आता ठिसूळपणाबद्दल. काचेत भेग सुरू झाली की ती आरपार जाते, कारण तिच्या वाटेत अडथळा नसतो. कंपोझिटमध्ये भेगेला पदोपदी सीमा लागते. भेगेच्या टोकापुढे जो आडवा ताण असतो, त्याने ही सीमा थोडी सुटते, भेग तिथे वळते आणि तिचे टोक बोथट होते; कुक आणि गॉर्डन यांनी १९६४ साली हे विश्लेषण मांडले. त्यातून पुढे गेलीच, तर तुटलेले तंतू रेझिनमधून ओढून बाहेर काढावे लागतात आणि त्या ओढण्यात पुष्कळ ऊर्जा खर्च होते. काचेत एक चौरस मीटर नवा भंगपृष्ठ करायला साधारण १० जूल लागतात, नुसत्या रेझिनमध्ये काहीशे, आणि काचतंतूंच्या चांगल्या कंपोझिटमध्ये दहा हजारांहून अधिक. हा गुण ना काचेत होता ना रेझिनमध्ये, तो दोघांच्या सीमेवर जन्मतो. म्हणून सीमा हवी तितकीच घट्ट असावी लागते. फार सैल झाली तर भार पोहोचत नाही, फार घट्ट झाली तर भेग वळत नाही. तंतू ओढतानाच त्यांवर सिलेनचा जो लेप देतात, तो या सीमेसाठीच असतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. सूत्र चुकत नाही, गृहीतक चुकते. ६० टक्के हा आकारमानाचा अंश आहे आणि तोही सर्व तंतू एकाच दिशेला, भाराला समांतर असताना. त्याच थराला आडवे ताणले, तर मिश्रणाच्या उलट्या नियमाने (गुणांकांऐवजी त्यांच्या व्यस्तांची बेरीज) गुणांक जेमतेम ८ येतो. बांबू उभा चिरायला कोयत्याचा एक घाव पुरतो, आडवा तोडताना मात्र घाम निघतो. दिशा म्हणजे काय हे त्यावरून कळावे. म्हणूनच बुरूड कामट्या दोन्ही दिशांनी विणतो. आपल्या होडीत नक्की काय आहे हे अंदाजाने सांगण्यापेक्षा मोजलेले बरे. होडीचा एखादा कापलेला तुकडा घरात असल्यास महाविद्यालयाच्या मफल भट्टीत साधारण ५६५ अंश सेल्सिअसला रेझिन जाळून टाका आणि उरलेल्या काचेचे वजन करा. आधी जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, घासून काढा, नाहीतर त्यातले रंगद्रव्य काचेच्या वजनात मिसळेल.

साचाकाम यांचा प्रतिसाद

फोडांबद्दल मी लिहितो, कारण गेली अठरा वर्षे मी फायबरच्या टाक्या आणि होड्या बनवण्याच्या कामात आहे. नुसता रंग मारण्याचा सल्ला मानू नका.

जेलकोट पाणी पूर्णपणे अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. समुद्रात महिनोन्महिने राहिलेल्या होडीत पाण्याचे रेणू हळूहळू जेलकोटमधून आत झिरपतात. आत रेझिन नीट न भिजलेली काच किंवा हवेची पोकळी असेल, तर पाणी तिथे थांबते. पॉलिएस्टरच्या साखळीतले एस्टरचे दुवे पाण्याने हळूहळू तुटतात, त्यातून आम्ले आणि ग्लायकॉल सुटतात आणि ती त्या थेंबात विरघळतात. बाहेरचे पाणी पातळ आणि आतला थेंब दाट झाला, की परासरणाने आणखी पाणी आत ओढले जाते. आतला दाब वाढतो आणि जेलकोट फुगतो. आपल्याला आलेला आंबूस वास त्या आम्लांचा आणि चिकटपणा ग्लायकॉलचा आहे. वरून रंग मारल्याने हे सर्व आत कोंडले जाते, थांबत नाही.

हे होण्याची कारणे बहुधा बांधतानाच पेरलेली असतात. स्वस्त पडते म्हणून ऑर्थो रेझिन, म्हणजे पॉलिएस्टरचा साधा प्रकार, सर्रास वापरतात. पाण्याखालच्या भागाला पाणी अधिक सोसणारे आयसो रेझिन, आणि परवडल्यास व्हिनाइल एस्टर वापरायला हवे. जेलकोटमागचा पहिला थर पावडर बाइंडरच्या (बाइंडर म्हणजे मॅटमधले तुकडे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) मॅटचा असावा, कारण इमल्शन बाइंडर पाण्याला लवकर दाद देतो. याहून मोठे कारण हात आणि हवामान हे आहे. मॅटवर रेझिन ओतल्यावर पांढरी मॅट पारदर्शक होईपर्यंत लोखंडी चक्त्यांचा रोलर फिरवून हवा बाहेर काढावी लागते. कामगाराच्या हाती त्यासाठी जेल होण्याआधीची वीसेक मिनिटेच असतात. दमट दिवशी थंड काचेवर ओल बसते, रेझिन गोठवणारा कॅटॅलिस्ट डोळ्याच्या अंदाजाने ओततात, कमी पडला तर रेझिन पूर्ण बांधले जात नाही आणि जास्त पडला तर तापून आत ताण राहतो. बादलीत उरलेले दोन किलो रेझिन अर्ध्या तासात हात लावता येणार नाही इतके तापून धूर सोडू लागते, हे मी कित्येकदा पाहिले आहे. रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधताना किती उष्णता निघते, हे पुस्तकातल्या आलेखापेक्षा त्या बादलीने मला अधिक शिकवले. नव्या मुलांसाठी एक गोष्ट येथे लिहिलीच पाहिजे: कोबाल्ट, म्हणजे गोठण्याला वेग देणारे द्रव्य, आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळवावा आणि नंतरच कॅटॅलिस्ट टाकावा. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो.

आता दुरुस्ती. प्रथम सर्व तळ नाण्याने वाजवून पाहा. माठ विकत घेताना आपण टिचकी मारून खणखणीत आवाज ऐकतो, तसेच येथे आहे. जिथे थर सुटले आहेत तिथे आवाज बद्द येतो. अशी जागा खडूने आखून घ्या. सर्व फोड उघडा, त्यांच्या भोवतीचा जेलकोट घट्ट थर लागेपर्यंत घासून काढा आणि गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, कारण आम्ल आत राहिले तर फोड परत येतात. त्यानंतर वाळवणे हे खरे काम आहे आणि त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. इंजिनाच्या पाण्याच्या नळीसाठी तळाला छिद्र पाडले होते, त्यातून निघालेली ३८ मिलिमीटर व्यासाची चकती वडिलांनी हत्यारांच्या पेटीत जपून ठेवली होती. जेलकोट घासल्यावर तिची जाडी सुमारे ७ मिलिमीटर आणि वजन ११.४० ग्रॅम भरले. भट्टीतून काढल्यावर ३.०८ ग्रॅम काच उरली, म्हणजे वजनाने २७ टक्के. थर पानांसारखे सुटे झाले होते. मोजले तर सहा, आणि सहाही चिरलेल्या तंतूंच्या मॅटचे. विणलेल्या रोव्हिंगचा, म्हणजे अखंड तंतूंच्या जुड्या विणून केलेल्या जाड कापडाचा, एकही थर नव्हता. चिमट्याने वरचे पान उचलले तेव्हा तंतू अक्षरशः वाटेल त्या दिशेला पसरलेले दिसले. ज्याला आम्ही फायबर म्हणतो, त्यात पावणेतीन हिस्से रेझिनच आहे हे पाहून मी थक्क झाले.

कालच नाण्याने तळही वाजवला. फोडांखेरीज मागच्या बाजूला दोन तळहातांएवढ्या जागी आवाज बद्द येतो.

धागादोरा

फार चांगले केलेत. एक लहान दुरुस्ती सुचवतो: १०० पैकी ७३ भाग रेझिन, म्हणजे चार हिश्श्यांपैकी जवळजवळ तीन. आणि हे वजनाने झाले. काचेची घनता २.५५ आणि रेझिनची १.२ धरली, तर आकारमानाने काच जेमतेम १५ टक्के राहते. मिश्रणाचा नियम आकारमानाने चालतो, वजनाने नाही, आणि परीक्षेत सर्वाधिक गुण येथेच जातात.

आता आजोबांचे म्हणणे तपासू. १५ टक्क्यांना तंतूंच्या दिशेने गुणांक सुमारे १३.६ आणि आडवा सुमारे ४.१ येतो. तंतू प्रतलात सर्व दिशांना विखुरलेले असतील, तर पहिल्याचे तीन अष्टमांश आणि दुसऱ्याचे पाच अष्टमांश घ्यायचे; उत्तर सुमारे साडेसात गिगापास्कल. म्हणजे ४५ कुठे आणि साडेसात कुठे! सागाच्या १२ पेक्षाही ते कमी आहे.

त्याहून महत्त्वाची जाडी आहे, कारण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने बदलतो. २५ मिलिमीटरच्या सागवानी फळीशी आपल्या ७ मिलिमीटरच्या थराची तुलना केली, तर तेवढ्याच रुंदीला त्याचा ताठपणा सुमारे सत्तरावा हिस्सा भरतो. फळीइतका ताठपणा नुसत्या जाडीने आणायचा तर २९ मिलिमीटर थर लागेल आणि दर चौरस मीटरला वजन सागाच्या १६ किलोऐवजी ४१ किलो होईल. त्यामुळे कोणीही शहाणा बांधणारा जाडी वाढवत नाही, बरगड्या जवळ आणतो. लाटेच्या दाबाखाली दोन बरगड्यांमधला पत्रा जितका खाली जातो, तो त्यांच्यातील अंतराच्या चौथ्या घाताने जातो. अंतर एक तृतीयांश केले की लचक ८१ पटींनी कमी होते आणि सत्तर पटींचा तोटा भरून निघतो. आपल्या होडीत बरगड्या किती अंतरावर आहेत ते मोजून पाहा. आजोबांना जाणवलेली लचक तेथेच सापडेल असे मला वाटते.

मग लाकूड सोडून लोक फायबरकडे का वळले, असा प्रश्न उरतो. त्याचे कारण ताठपणा हे नाही. फायबरला सांधे नाहीत, दरवर्षी फटी बुजवाव्या लागत नाहीत, ते कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्याला लागत नाहीत. शिवाय एका साच्यातून अनेक होड्या निघतात.

उड्डाण यांचा प्रतिसाद

मी विमानांच्या कंपोझिट भागांवर काम करतो, म्हणून कार्बनबद्दल थोडे, कारण हा प्रश्न पुढे येणारच. साध्या प्रतीच्या कार्बन तंतूचा गुणांक २३० गिगापास्कल आणि घनता १.७६ असते. वजनाच्या मानाने ताठपणा पाहायचा तर गुणांकाला घनतेने भागायचे. पोलादाचा २१० भागिले ७.८५ आणि ॲल्युमिनियमचा ७० भागिले २.७ काढला, तर दोन्ही २६ च्या आसपास येतात. एका दिशेच्या काच-कंपोझिटचेही त्याहून जास्त येत नाही. कार्बन-एपॉक्सीचे मात्र ८५ च्या घरात जाते. तेजस विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे ते याच कारणाने. पण तेथे प्रत्येक थराची दिशा आराखड्यात लिहिलेली असते, शून्य, नव्वद, अधिक-उणे पंचेचाळीस, आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाब देणाऱ्या बंद भट्टीच्या, दाबाखाली पोकळ्या एक टक्क्याच्या खूप खाली ठेवतात. दर एक टक्का पोकळीमागे थरांमधली कर्तन ताकद साधारण सहा-सात टक्के घटते, इतका तो नाजूक मामला आहे.

मासेमारीच्या होडीला कार्बन सुचवणार नाही. तो सुमारे दीड टक्का ताणाला तुटतो, धक्का काचेइतका सोसत नाही, आणि खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या भागाला चिकटून राहिला तर तो भाग झपाट्याने गंजवतो. बरगड्यांमधल्या थरांत मॅटबरोबर विणलेले रोव्हिंग आलटून-पालटून घातले, तर काचेचा अंश वजनाने ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि दोन मुख्य दिशांना गुणांक जवळपास दुप्पट होतो. होडीसाठी तेवढे पुरेसे आहे.

खाडीकाठ

बरगड्या मोजल्या. मध्यभागी अंतर नव्वद सेंटिमीटर आहे, आणि बद्द आवाजाची जागा नेमकी दोन बरगड्यांच्या मधोमध आहे. आजोबांना हे सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त जाऊन त्या जागी हात दाबून पाहिला. दोन नव्या बरगड्या घालायच्या आणि बद्द भाग नव्याने भरायचा, असे ठरले आहे. पण आता पावसात तळ वाळणार कसा?

साचाकाम

नुसत्या ताडपत्रीखाली वाळणार नाही, खाली ओल कोंडून राहील. फोड आताच उघडून धुऊन ठेवा, पण होडी छपराखाली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी ठेवा. झापं बांधून पागोळ्या अडवल्या तरी चालेल. ऑक्टोबरचे कोरडे ऊन लागल्यावर तळावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी आतून पाहा. थेंब दिसले तर अजून थांबा. वडिलांचा हंगाम मी जाणतो. पावसाळी मासेमारीची बंदी उठल्यावर होडी उभी ठेवणे सोपे नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या होडीवर काही आठवडे सोय होते का ते आताच पाहा.

वाळल्यावर बद्द भाग कापून काढताना कडा एकदम उभी ठेवू नका. ७ मिलिमीटर जाडीला साधारण ८ ते ९ सेंटिमीटर उतार द्या, म्हणजे नव्या थराला जुन्यावर भार टाकायला पुरेशी जागा मिळेल. धागादोरा यांनी सुंभाबद्दल लिहिले आहे, तेच येथे लागू आहे. जुने रेझिन केव्हाच गोठलेले असल्याने नवा थर त्याच्याशी रासायनिक रीतीने जवळजवळ बांधला जात नाही, केवळ चिकटतो, म्हणून घासणे खरखरीत हवे आणि त्यानंतर त्या जागेला तेलकट हात लागता कामा नये. भरण्यासाठी एपॉक्सी वापरलेत तर पकड अधिक चांगली मिळेल, मात्र मग त्यावर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट लावू नका, तो धरत नाही. एपॉक्सीचाच लेप द्या. एपॉक्सीसाठी पावडर बाइंडरची मॅटही घेऊ नका, तो बाइंडर विरघळायला पॉलिएस्टरमधले स्टायरीन लागते. विणलेले कापड घ्या आणि कापड कापताना त्याचे धागे होडीच्या लांबीला समांतर येतील असे पाहा.